अहमदनगरचा जेता, मद्याचा बंदी

फुटबॉलच्या खेळाशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांना जॉर्ज बेस्ट हे नाव निराळे सांगावे लागत नाही. उत्तर आयर्लंडातील बेलफास्ट शहरी १९४६ साली एका जहाजकारखान्यातील कामगाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेड या नामांकित संघाच्या पारख्याच्या दृष्टीस पडला, सतराव्या वर्षी त्या संघातून खेळू लागला, आणि बाविसाव्या वर्षी, म्हणजे १९६८ साली, आपल्या संघाबरोबर युरोपचा चषक जिंकून त्या खंडातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. परंतु सत्ताविसाव्या वर्षी त्याने तो संघ सोडला, आणि पुढचे सारे आयुष्य एका निराळ्याच प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यात गेले. तो प्रतिस्पर्धी म्हणजे मद्याचा पेला. २००५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या इस्पितळात वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्याचा अंत झाला. मृत्यूपूर्वी काही दिवस त्याने आपले पिवळे पडलेले, खंगलेले छायाचित्र वर्तमानपत्रात छापू दिले. माझ्यासारखे मरू नका, एवढेच त्याला लोकांना सांगावयाचे होते.

निसर्गाने ज्याला सढळ हाताने दिले, त्याच्याच हातून ते देणे असे का गळून जावे? भोवती जिवलग माणसे असतात, वैद्य असतात, पैशाची ददात नसते. मग पेला हातातून सुटत का नाही? हा प्रश्न फुटबॉलच्या मैदानावर प्रथम उपस्थित झालेला नाही. ज्या अहमदनगरास २०२४ सालापासून अहिल्यानगर हे नाव लाभले आहे, त्या नगराच्या इतिहासात तो चारशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. तेथील भुईकोट किल्ला जिंकणारा शाहजादा दानियाल हाही असाच एक गुणी, सर्वांचा लाडका आणि हतभागी तरुण होता.

दानियालचा जन्म १५७२ साली अजमेर येथे झाला. ख्वाजा मुइनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यावर अकबर बादशहाची अपार श्रद्धा होती. त्या दर्ग्याच्या सेवकांपैकी शेख दानियाल नामक सत्पुरुषाच्या घरी ही प्रसूती झाली, म्हणून मुलास त्याचेच नाव ठेवण्यात आले. सलीम, मुराद आणि दानियाल या तीन भावांत हा धाकटा. सलीम पुढे जहांगीर या नावाने बादशहा झाला. त्याने आपल्या आत्मवृत्तात या भावाचे चित्र मोठ्या मायेने रेखाटले आहे. दानियाल देखणा होता, बांधेसूद होता, स्वभावाने प्रसन्न होता. हत्ती आणि घोडे यांचा त्याला विलक्षण नाद. कोणापाशी उमदे जनावर आहे असे कानी आले की ते आपल्या पागेत आल्यावाचून त्याला चैन पडत नसे. हिंदी गाण्यांची त्याला गोडी होती, आणि तो स्वतः हिंदी भाषेत कवने रची. ती मुळीच वाईट नसत, असा थोरल्या भावाचा निर्वाळा आहे. थोडक्यात, घोड्यावर बसावे, शिकार करावी, गाणे ऐकावे, कविता करावी, असे सर्व बाजूंनी बहरलेले हे तारुण्य होते.

परंतु ज्या घराण्यात तो जन्मला, त्या घराण्याच्या रक्तातच मद्याची ओढ होती. मोगल सत्तेचा संस्थापक बाबर हा मोठा मद्यप्रेमी. १५२७ साली राणा संगाशी खानवा येथे गाठ पडण्यापूर्वी त्याने सर्वांसमक्ष मद्य सोडल्याची शपथ घेतली, आपले सोन्यारुप्याचे पेले फोडविले आणि त्यांचे तुकडे गोरगरिबांत वाटून टाकले. ती शपथ त्याने पाळली. तथापि पुढे दोन वर्षांनी एका मित्रास लिहिलेल्या पत्रात त्याने आपली आठवण आणि आपली तगमग उघडपणे सांगितली आहे. मद्याच्या ओढीने डोळ्यांत पाणी येते, अशी त्या जगज्जेत्याची कबुली आहे. त्याचा नातू, म्हणजे अकबराचा धाकटा भाऊ, काबूलचा मिर्झा हकीम, १५८५ साली मद्यपानाने ऐन तिशीत वारला. अशा घरातील मुलास पहिला पेला हाती घेतानाच किती जपावयास हवे होते! दरबारातील रीत मात्र अगदी उलट होती.

शिवाय पेय बदलले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. द्राक्षांचे मद्य सौम्य असते. परंतु भट्टीवर चढवून वाफेतून एकदा, आणि मग पुन्हा दुसऱ्यांदा उतरविलेला अर्क हा प्रकार निराळा. त्यात मादक अंश कितीतरी पटींनी अधिक. मोगल दरबारातील तरुण पिढी द्राक्षमद्यावरून या दुबार अर्कावर आली होती, आणि त्याच्या जोडीला अफू होतीच. आजोबांनी पेले फोडले, नातवंडांनी भट्ट्या पेटविल्या, असे म्हटले तरी चालेल.

दक्षिणेकडे पहिला धाडला गेला तो मधला भाऊ मुराद. लहानपणी मोन्सेरात या जेझुइट पाद्र्यापाशी शिकलेला हा राजपुत्र. १५९५ सालच्या डिसेंबरात त्याच्या फौजा अहमदनगरच्या किल्ल्यासमोर येऊन ठाकल्या. निजामशाही त्या वेळी घरच्या भांडणांनी पोखरलेली होती. परंतु हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबिबी ही किल्ल्यात होती. मोगलांनी सुरुंग लावून तटाचा भाग उडविला, तेव्हा ती वीरांगना शस्त्र घेऊन स्वतः खिंडारावर उभी राहिली, आणि रातोरात ते खिंडार तिने बुजवून काढले. अखेर वऱ्हाड तोडून देऊन तिने किल्ला राखला. इकडे मोगल छावणीत मुराद आणि सेनापती अब्दुर्रहीम खानखानान यांचे हाडवैर. पुढे आपला तान्हा मुलगा रुस्तम दगावल्यावर शोकाने मुराद अधिकच मद्याच्या आहारी गेला. त्याला परत आणण्यासाठी अकबराने अबुल फजलास पाठविले; परंतु अबुल फजल छावणीस पोहोचतो न पोहोचतो तोच, १५९९ सालच्या मे महिन्यात, जालन्याजवळ पूर्णा नदीच्या काठी मुरादने प्राण सोडला. वय अवघे अठ्ठावीस-एकोणतीस.

थोरल्या भावाची राख अजून निवाली नव्हती, तोच धाकटा त्याच मोहिमेवर निघाला. अकबर स्वतः बऱ्हाणपुरापर्यंत आला, आणि दानियाल व खानखानान यांनी १६०० साली अहमदनगरास वेढा घातला. या वेळी किल्ल्यातील फितुरी आणि संशय यांनी चांदबिबीचा बळी घेतला. बाल राजा बहादुर याचे प्राण वाचावेत म्हणून ती तहाची बोलणी करू इच्छीत होती. ती शत्रूस मिळाली, असा बोभाटा करून तिच्याच लोकांनी तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट महिन्यात, मोगलांच्या सुरुंगांनी तट उडाला आणि किल्ला पडला. बहादुर निजामशहास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठविण्यात आले. निजामशाहीचा प्रदेश मात्र सहजी हाती आला नाही; मलिक अंबराने तिचा झगडा पुढे कित्येक वर्षे चालू ठेवला.

या विजयाने अठ्ठावीस वर्षांच्या दानियालच्या मस्तकी यशाचा तुरा लागला. पुढच्या वर्षी अशीरगड पडल्यावर खानदेश त्याच्याकडे आला, आणि त्याच्या नावावरून त्या प्रांतास ‘दानदेश’ असे नाव देण्यात आले. खानदेश, वऱ्हाड आणि अहमदनगर यांचा कारभार त्याच्या हाती आला. खानखानानाची मुलगी जाना बेगम ही त्याची पत्नी. १६०४ साली विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची कन्याही त्याला देण्यात आली. गोदावरीच्या काठी पैठणाजवळ तो विवाह मोठ्या थाटाने झाला. वधूच्या पालखीबरोबर विजापुराहून आलेल्या मंडळींत एक विद्वान होता. तो म्हणजे अहमदनगरच्या निजामशाही दरबारात वाढलेला आणि पुढे विजापुरी आश्रयास गेलेला इतिहासकार फेरिस्ता. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे, याच्याइतका भाग्यवान पुरुष हिंदुस्थानात दुसरा नसेल.

आतून मात्र घर पोखरले गेले होते. दानियालचे पिणे हाताबाहेर गेल्याच्या वार्ता आग्र्यास वारंवार जाऊ लागल्या. एक मुलगा अशाच रीतीने गमावलेल्या पित्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल! अकबराने पत्रांमागून पत्रे पाठविली, कानउघाडणी केली. अखेर खानखानानास आज्ञा झाली की, काही झाले तरी शाहजाद्याला मद्य मिळता कामा नये. खानखानानाने पहारे बसविले. यातील योगायोग मोठा करुण आहे. याच अब्दुर्रहीमाने १५८९ च्या सुमारास बाबराच्या तुर्की आत्मवृत्ताचे फारसी भाषांतर करून अकबरास अर्पण केले होते. बाबराचा मद्यत्याग, त्याचे फोडलेले पेले, हे सारे ज्याने आपल्या हाताने फारसीत उतरविले, त्याच्यावरच बाबराच्या पणतूभोवती पहारा ठेवण्याची पाळी आली. आणि तो पणतू त्याचा स्वतःचा जावई होता.

पहारा कडक होता. परंतु पहाऱ्याच्या आत असलेला मनुष्य तोच होता. जहांगीराने लिहिले आहे की, मद्याविना दानियाल कासावीस झाला. तो नोकरांपुढे रडू लागला, हातापाया पडू लागला. कोणत्याही उपायाने घोटभर आणून द्या, एवढेच त्याचे मागणे. कालपर्यंत ज्याच्या एका शब्दावर घोडे आणि हत्ती पागेत येत, त्याने खिदमतगारांपुढे पदर पसरावा, याहून मोठा अधःपात कोणता? परंतु या ठिकाणी केवळ निंदा करून भागणार नाही. वर्षानुवर्षे अर्क पचविलेल्या शरीरास तो एकाएकी मिळेनासा झाला म्हणजे हातपाय कापतात, झोप उडते, भास होतात, आकडी येते, प्रसंगी प्राणही जातात, हे आज वैद्यकास पूर्णपणे ठाऊक आहे. दानियालच्या काळी ते ठाऊक नव्हते. त्याच्या अश्रूंत लाचारी होती, तशीच व्याधीही होती.

त्याच्या सेवेत मुर्शिद कुली खान नावाचा एक बंदूकबारदार होता. दानियालला बंदुकीच्या शिकारीचा फार नाद. आपल्या एका आवडत्या बंदुकीस त्याने ‘यका-ओ-जनाजा’ असे नाव दिले होते. जनाजा म्हणजे तिरडी. ही बंदूक आणि तिरडी दोन्ही सारखीच, हिचा नेम ज्याला लागला तो तिरडीवरच चढावयाचा, असा त्याचा अर्थ. आणि तशा आशयाचा स्वतः रचलेला शेरही त्याने तिच्यावर कोरविला होता. मद्यासाठी व्याकूळ झालेल्या शाहजाद्याने मुर्शिद कुलीस सांगितले की, याच बंदुकीच्या नळीत भरून मद्य आण. शाहजाद्याची मर्जी संपादण्याच्या लोभाने त्याने दुबार काढलेला कडक अर्क त्या नळीत भरला आणि पहाऱ्यातून आत नेला. शिकारी मनुष्याच्या खोलीत बंदूक जाताना कोण अडविणार! नळीत वर्षानुवर्षांची दारू, म्हणजे बंदुकीची दारू, साचलेली. लोखंडास गंज चढलेला. तो गंज त्या जहाल अर्कात विरघळला. जहांगीर म्हणतो, दानियालने ते पेय घेतले आणि तो कोसळला. १६०५ सालच्या वसंत ऋतूत बऱ्हाणपूर येथे, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, अहमदनगरच्या जेत्याची अशी अखेर झाली. तिरडीचे नाव दिलेली बंदूक खरोखरच त्याची तिरडी ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात वृद्ध अकबरही गेला.

मुर्शिद कुलीस कोणी कितीही दूषण दिले तरी एक गोष्ट विसरता येत नाही. ज्याचे पोट धन्याच्या मर्जीवर चालते, तो धन्यास नाही म्हणत नाही. दानियालभोवती शेकडो माणसे होती. परंतु त्यांतील बहुतेक त्याच्या इच्छेची चाकर होती, त्याच्या हिताची नव्हेत. आणि जे हिताचे होते, त्यांच्यापाशी पहारा आणि हुकूम याखेरीज दुसरे साधन नव्हते. खुशामत आणि सक्ती या दोहोंच्या मध्ये तो तरुण चेंगरला गेला.

तिसऱ्या भावाची हकीगत याच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे अर्थ अधिक स्पष्ट होतो. सलीम काही निर्व्यसनी नव्हता. वयाच्या सतरा-अठराव्या वर्षी अटकेजवळ छावणी असताना शिकारीने थकून आला, तेव्हा उस्ताद शहा कुली नावाच्या गोलंदाजाने त्याला सुचविले की, पेलाभर मद्य घेतल्यास शीण जाईल. हा गोलंदाज मूळचा काबूलच्या त्याच मिर्झा हकीमाच्या पदरचा. एका बंदूकवाल्याने थोरल्या भावास पहिला पेला सुचविला, आणि दुसऱ्या बंदूकवाल्याने धाकट्यास शेवटचा आणून दिला! पुढे नऊ वर्षांत सलीमचे प्रमाण वाढत वाढत दिवसाकाठी दुबार अर्काच्या वीस पेल्यांपर्यंत गेले. चौदा दिवसा आणि सहा रात्री. जेवण काय, तर एखादी कोंबडी, पोळी आणि मुळा. हात असे कापू लागले की, पेला दुसऱ्याने तोंडास लावावा लागे.

अशा अवस्थेत त्याने हकीम हुमाम या राजवैद्यास बोलाविले. हा हकीम अबुल फतहचा भाऊ, अकबराच्या विश्वासातला. त्याने आडपडदा न ठेवता सांगितले की, असेच चालले तर सहा महिन्यांनी या रोगावर इलाज उरणार नाही. भावी बादशहापुढे असे बोलण्यास छाती लागते. सलीमच्या मनाला ते शब्द झोंबले. त्याने अर्कात दुप्पट द्राक्षमद्य मिसळण्याचा हुकूम केला, दररोजचे प्रमाण थोडेथोडे उतरवीत नेले, आणि सात वर्षांत वीसांवरून सहा पेल्यांवर आला. सक्तीचा प्रयोग त्याच्यावरही झाला होता. १६०४ साली अकबराने त्याला आग्र्यास दहा दिवस कोंडून मद्य आणि अफू तोडली होती. परंतु त्याला तगविले ते त्या कोंडवाड्याने नव्हे, तर आधीपासून स्वतः चालविलेल्या त्या संथ माघारीने. उतारवयात आजार वाढला, तेव्हा नूरजहानने हळूहळू त्याचे पेले आणखी कमी केले, हेही त्यानेच कृतज्ञतेने नमूद केले आहे.

जहांगीर पूर्ण मुक्त झाला, असे कोणीही म्हणणार नाही. गादीवर येताच प्रजेस मद्य गाळण्यास बंदी करणारा हा बादशहा स्वतः मात्र अखेरपर्यंत पीत राहिला. त्याचा मुलगा परवीझ तर काकाच्या वाटेने गेला, आणि तोही त्याच बऱ्हाणपुरात १६२६ साली मद्यपानानेच वारला. तथापि दोन्ही भाऊ तेहतिशीच्या आत गेले असता हा अठ्ठावन्न वर्षे जगला, बावीस वर्षे राज्य चालविले, चित्रकलेस आश्रय दिला आणि आपल्या व्यसनाचा हिशेब पेल्यापेल्यांनिशी लिहून ठेवला. भेद इतकाच की, एकाला कोणी खरे सांगितले व त्याने ते आपल्या मनाने मानले. दुसऱ्याला बाहेरून अडविण्यात आले.

आता पुन्हा फुटबॉलच्या मैदानाकडे वळावे. आजच्या जगात राजपुत्र राहिले नाहीत. त्यांची जागा खेळाडूंनी घेतली आहे. कोवळ्या वयात कीर्ती, मुबलक पैसा, आणि मर्जी राखणाऱ्यांचा घोळका, हे सारे दानियालप्रमाणेच बेस्टच्या वाट्यास आले. ज्या पानगृहात जावे तेथे कोणीतरी अभिमानाने त्याच्यापुढे पेला सारणारच. त्याची आईही मद्यापायी अकाली गेली होती. म्हणजे रक्तातील ओढ येथेही होती. मित्रांनी, पत्नीने, डॉक्टरांनी शिकस्त केली. मद्य पोटात जाताच मळमळ, धडधड आणि दाह सुरू व्हावा अशा अँटाब्यूज नामक औषधाच्या गोळ्या शस्त्रक्रिया करून त्याच्या पोटात शिवून ठेवण्यात आल्या. खानखानानाचा पहारा दाराशी होता, हा पहारा शरीराच्या आत नेऊन बसविला होता. तरीही बेस्ट पीत राहिला. २००२ साली त्याचे यकृत काढून दुसऱ्याचे बसविण्यात आले, आणि त्या मिळालेल्या नव्या आयुष्यातही तो पुन्हा पेल्याकडे वळला. पहारा कितीही जवळ आणला, तरी मनाच्या दाराशी तो पोहोचत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

ब्राझीलच्या गॅरिंचाची गोष्ट तर अधिकच चटका लावणारी आहे. १९३३ साली एका गिरणीच्या गावी गरीब घरात जन्मलेला हा मुलगा. पाय जन्मतःच वाकडे, आणि त्याच वाकड्या पायांनी त्याने १९५८ व १९६२ अशा दोन विश्वचषकांत जगास वेड लावले. पेले आणि तो एकत्र खेळले तेव्हा ब्राझीलचा संघ कधी हरला नाही. त्याचा बापही दारूच्या आहारी गेलेला. गॅरिंचा १९८३ साली यकृत निकामी होऊन, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, निर्धन अवस्थेत वारला. ज्याला सारे राष्ट्र लोकांचा आनंद म्हणे, त्याच्या घरी आनंद उरला नव्हता.

परंतु याच मैदानावर एक उलट उदाहरणही आहे. इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज हा गोल करण्यात अद्वितीय. देशातर्फे ५७ सामन्यांत ४४ गोल. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला, पण अंतिम सामन्यात त्याला बाहेर बसावे लागले. पुढे तो दारूच्या इतका आहारी गेला की, घरदार सुटण्याची वेळ आली. १९७८ साली त्याने पेला खाली ठेवला, आणि २०२१ साली एक्याऐंशीव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत पुन्हा उचलला नाही. मधल्या काळात दूरचित्रवाणीवरील हजरजबाबी खेळसमीक्षक म्हणून त्याने दुसरी कीर्ती मिळविली. त्याला कोणी कोंडले नव्हते. आपण व्यसनाचे गुलाम आहो, हे त्याने स्वतः उघडपणे कबूल केले, आणि त्याच दुःखातून गेलेल्या सोबत्यांच्या मंडळाचा आधार घेतला. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ याच तत्त्वावर उभी आहे: ज्याची खोड त्याने कबूल करावी, आणि उरलेल्यांनी त्याला एकटे पडू देऊ नये.

ज्या जिल्ह्यात दानियालने किल्ला जिंकला, त्या जिल्ह्यानेही पुढे या प्रश्नाशी आपल्या रीतीने झुंज दिली आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी गावसुधारणेस हात घातला, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या राजरोस चालत. यादवबाबांच्या मंदिराभोवती तरुणांना एकत्र करून त्यांनी त्या बंद पाडल्या. सांगूनही न ऐकणाऱ्यास खांबास बांधून फटके देण्याचा मार्गही तेथे अवलंबिला गेला, आणि त्यावरून बरीच टीकाही झाली. ती टीका अस्थानी नाही. फटक्याने मनुष्य त्या दिवशी पिणार नाही. परंतु उद्या फटका मारणारा जवळ नसेल, त्याचे काय? राळेगणचे जे टिकले, त्याचे श्रेय फटक्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीस अधिक आहे. पाणी अडविले गेले, शेतास ओल आली, हातास काम मिळाले, आणि दारू न पिणे हीच गावची रीत झाली. पिणाऱ्यास पूर्वी सोबती मिळत. आता न पिणाऱ्यास मिळू लागले.

याच समजुतीचे दुसरे रूप म्हणजे महाराष्ट्रातील ‘आडवी बाटली’. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चिन्हास मत दिले, म्हणजे तेथील दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद सरकारी नियमांत आहे. नवऱ्याच्या पिण्याची झळ जिला सर्वांत आधी लागते, तिच्या हाती हा निर्णय देण्यात मोठे शहाणपण आहे. आणि दुकान बंद झाल्यावरही ज्याची ओढ उरते, त्याच्यासाठी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे व्यसनी मनुष्यास गुन्हेगार न समजता रुग्ण समजतात. शरीरातील विष उतरताना वैद्यकीय देखरेख ठेवतात. त्यानंतर मनाची बांधणी हाती घेतात, आणि घरच्या माणसांनाही बरोबर शिकवितात. खानखानानास जे साधन हवे होते आणि मिळाले नाही, ते हेच.

इतिहास शिकताना विद्यार्थी सनावळी पाठ करतो: अहमदनगरचा पाडाव, १६००, अकबराचा मृत्यू, १६०५. या दोन सनांच्या मधील पाच वर्षांत एक हसतमुख, गाणारा, घोड्यांवर जीव टाकणारा तरुण हळूहळू कसा विझला, हे सनावळीत येत नाही. परंतु आजही ज्या घरात एखादा हुशार मुलगा रात्री उशिरा घरी येऊ लागतो, तोंडास वास येऊ लागतो, आणि घरचे लोक एक तर डोळेझाक करतात किंवा कडी लावून घेतात, त्या घरास त्या पाच वर्षांचा इतिहास लढायांच्या सनांपेक्षा अधिक उपयोगी आहे. डोळेझाक करणारा नकळत मुर्शिद कुली होतो, आणि नुसती कडी लावणारा खानखानान. दोघांनाही दानियाल वाचविता आला नाही. घरास हवा असतो हकीम हुमाम. प्रेमाने, पण स्पष्ट सांगणारा, आणि तेही वेळेवर.

अहमदनगरच्या तटास पहिल्या वेढ्यात खिंडार पडले, तेव्हा चांदबिबी जातीने तेथे उभी राहिली. परंतु ते एका रात्रीत बुजले ते दगडमाती वाहणाऱ्या शेकडो हातांमुळे. व्यसनाने मनुष्याच्या मनास जे खिंडार पडते, ते एका रात्रीत बुजत नाही. जहांगीरास सात वर्षे लागली, आणि तरी काम अपुरेच राहिले. तथापि रीत तीच आहे. खिंडारावर ज्याचे त्याने उभे राहावयाचे, आणि भोवतालच्यांनी त्याच्या हाती एकेक दगड देत राहावयाचे.